नाशिक शहरात चालवायला चांगलं ॲव्हरेज देणारी गाडी कोणती?

शुभदा_म्हसरूळ
नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे, आमच्या घरातली पहिलीच. इतके दिवस दोघांच्या दोन दुचाक्यांवर भागत होतं. आता सासऱ्यांना वॉकर लागतो, रिक्षात चढणं-उतरणं त्यांना जमत नाही आणि त्यातच माझी बदली नाशिक रोडला झालीये. म्हणजे रोज म्हसरूळ, दिंडोरी नाका, निमाणी, द्वारका, नाशिक रोड आणि परत. महिन्याचं रनिंग ८०० किमीच्या आसपास जाईल. शिवाय अधूनमधून वणीच्या गडावर आणि सणावाराला ठाण्याला माहेरी.

बजेट ऑन-रोड आठ लाख, फार ताणलं तर नऊ. शोरूमवाला म्हणतो, डोळे झाकून सीएनजी घ्या. दीर म्हणतात पेट्रोल घे, कटकट नाही. ऑफिसातली मुलं म्हणतात, आता पेट्रोल कोण घेतं, ईव्ही घ्या. जो तो २५ नि ३४ असे आकडे सांगतो. ब्रोशर माझ्याकडेही आहे. आपल्या गावच्या ट्रॅफिकमध्ये खरंच किती पडतं, हे वापरणाऱ्यांनी सांगा.

तिसरा_गिअर
द्वारकेला सगळ्या गाड्यांचं ॲव्हरेज सारखंच असतं. शून्य.

अर्धा_कप
म्हसरूळ ते नाशिक रोड ना? सिटीलिंकचा पास काढा, खिडकीशी बसा, मोबाइल बघत जा. सगळ्यात स्वस्त.

शुभदा_म्हसरूळ
@अर्धा_कप, सासऱ्यांना वॉकरसकट संध्याकाळच्या बसमध्ये चढवून दाखवा. तुमचा पास मी काढते.

मीटरवाचक
ब्रोशरमधला आकडा एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीचा असतो. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. सगळा खेळ वीस मिनिटांच्या आत संपतो, वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. चढ नाही, खड्डा नाही, मध्येच आडवी आलेली रिक्षा नाही. चाचणी सगळ्यांना सारखी, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला आकडा उपयोगी. महिन्याच्या खर्चाला तो धरू नका.

मी नाशकात ६० ते ७० टक्के धरतो. वॅगनआर एक लिटर इंजिन, मॅन्युअल: कागदावर २४.३५. एसी लावून शहरात १५ ते १७. तीच सीएनजीत: कागदावर किलोला ३४.०५, शहरात २२ ते २५. नवी स्विफ्ट २४.८० आणि सेलेरिओ २५ च्या पुढे म्हणतात, पण गर्दीत या सगळ्या एकमेकींच्या एखाद-दुसऱ्या किलोमीटरच्या आत येतात. म्हणून ब्रोशरमध्ये ०.८ ने पुढे आहे एवढ्यावरून गाडी निवडू नये.

डॅशबोर्डवरचा आकडाही जरा खुशामत करतो. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, निम्म्याहून खाली गेली की त्याच पंपावर पुन्हा फुल करा, किलोमीटर भागिले लिटर. नोझल आपोआप बंद झालं की बस. ‘अजून थोडं घालतो’ म्हणणाऱ्याला घालू द्यायचं नाही.

अंबडकर
माझ्याकडे कंपनी फिटेड सीएनजी वॅगनआर आहे. राणेनगर ते अंबड एमआयडीसी, मुलांचे क्लास, बायकोचं माहेर सिन्नर. किलोला २३-२४ पडतं, हायवेला ३० दिसलंय. खर्चाच्या बाबतीत तक्रार नाही.

पण जे शोरूमवाला सांगत नाही ते सांगतो. एक, टाकी ६० लिटरची म्हणतात, ती पाण्याच्या मापाने. गॅस बसतो सात-आठ किलो, तोसुद्धा पंपावर प्रेशर नीट असलं तर. उन्हाळ्यात दुपारी गेलात तर आणखी कमी. दोन, रांग. मी पहाटे दूध आणायला निघतो तेव्हाच भरून घेतो, संध्याकाळी सातला त्या रांगेत उभं राहायची माझी हिंमत नाही. तीन, डिकी गेली. सिलिंडरच्या पुढ्यात भाजीच्या दोन पिशव्या राहतात. चार, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. पाच, पेट्रोलची टाकी रिकामी ठेवायची नाही. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, कोरड्या टाकीने फ्युएल पंप जातो.

एवढं जमत असेल तर घ्या.

रानमोगरा
शुभदाताई, अंबडकरांचा तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. वॉकर कुठे ठेवणार? घडीचा असला तरी सिलिंडरपुढे बसणार नाही, मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर येणार.

आणि कुणी न सांगितलेला मुद्दा: गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं. माझी आई गुडघ्यांची पेशंट आहे. तिला घेऊन गॅस भरायला थांबायचं नाही, असा आमच्या घरी नियमच झालाय.

शुभदा_म्हसरूळ
हे मला खरंच माहीत नव्हतं. बाबांना उतरवायला पाच मिनिटं आणि पुन्हा बसवायला दहा. रांगेतले मागचे लोक हॉर्न वाजवून जीव घेतील.

निफाडचा_पाहुणा
सीएनजीतही डिकी वाचवता येते. टाटाने एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे डिकीच्या तळाशी आडवे बसवले, वर सपाट फळी. टियागो, पंच, अल्ट्रोज सगळ्यांत. ह्युंदाईनेही एक्स्टरमध्ये तसंच केलं. वॉकर आरामात बसेल. आणि टाटाच्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात. स्टेपनीची जागा बदलते, ती कुठे दिलीये ते मात्र आधी बघून घ्या.

हिशेबनीस
सगळे ‘किती देते’ बोलताहेत, ‘किती वाचतात’ कुणी काढलं नाही. मी काढतो. पेट्रोल १०४ धरतो, सीएनजी ९०. आजचा भाव पंपावर बघून तुम्ही बदला.

पेट्रोल, लिटरला १६: किमीला साडेसहा रुपये.
सीएनजी, किलोला २४: किमीला पावणेचार.
फरक पावणेतीन रुपये.

शुभदाताईंचं रनिंग ८००. महिन्याला वाचले २,२००, वर्षाला २६,४००. त्याच मॉडेलची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा नव्वद हजार ते लाखभर महाग असते. म्हणजे साडेतीन-चार वर्षं निव्वळ फेडण्यात गेली. त्यानंतर नफा. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर नफा आहेच, पण तो महिन्याला दोन हजारांचा आहे. त्या बदल्यात रांग, हायड्रो टेस्ट आणि पंपावर सासऱ्यांची उतर-चढ. ज्याचं रनिंग १,५०० च्या वर त्याने सीएनजीच घ्यावी, त्याचे पैसे दोन वर्षांत वसूल होतात. ५०० च्या आत असेल त्याने विषयही काढू नये. तुम्ही नेमक्या मधल्या पट्ट्यात आहात.

अंबडकर
@हिशेबनीस, विकताना सीएनजीला भाव जास्त मिळतो, तो धरला नाहीत. लाखातले तीस-चाळीस हजार तरी तिथे परत येतात.

हिशेबनीस
येतात, पण सिलिंडरची टेस्ट थकलेली नसेल आणि किट कंपनीचं असेल तर. बाहेरून बसवलेल्या किटला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.

ढोल्या_गणपती_चौक
आणि त्या ई-२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? माझी २०१७ ची हॅचबॅक शहरात १७ द्यायची, आता १५ वर आलीये. पंपावर विचारलं तर म्हणे सगळीकडे हेच पेट्रोल.

निफाडचा_पाहुणा
आला का इथेनॉलवर! आमच्या उसाचे पैसे त्याच इथेनॉलमुळे जरा लवकर सुटतात हो. ॲव्हरेज एकाने कमी झालं म्हणून बोंब मारताय.

ढोल्या_गणपती_चौक
एकाने नाही, दोनाने. आणि उसाला पाणी किती लागतं ते गोदाकाठी राहून मी तुम्हाला सांगायचं का?

मीटरवाचक
दोघेही थांबा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. वीस टक्के इथेनॉल म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सात टक्के ऊर्जा कमी. आधीच्या ई-१० शी तुलना केली तर तीन-चार टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मुळात निव्वळ पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ६-७ टक्के घट लिहिलेली आहे. १७ चे १६ होणं समजू शकतो. १५ झाले असतील तर उरलेला किलोमीटर एअर फिल्टर, प्लग, टायर किंवा अडकलेल्या ब्रेकमध्ये शोधा.

शुभदाताईंना याची चिंता नको. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप-सील ई-२० चालतील असे आहेत. ॲव्हरेज थोडं कमी येतं, ते सगळ्यांनाच.

ढोल्या_गणपती_चौक
एअर फिल्टर बघतो. ऊस तरीही पाणी पितो.

चार्जिंगवाला
म्हसरूळला रो-हाऊस आहे की फ्लॅट? स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचं मीटर असेल तर हा धागा इथेच संपतो. टियागो ईव्ही, २४ युनिटची बॅटरी. शहरात एका युनिटला सात किमी सहज. घरच्या विजेचा भाव वरच्या स्लॅबचा तेरा रुपये धरला तरी किमीला दोनच्या आसपास. हिशेबनीस काकांचे साडेसहा कुठे आणि हे दोन कुठे! सिग्नलला उभी असताना इंजिनच नाही तर जाळणार काय? उतारावर नि ब्रेकला उलट चार्जिंग. गडावरून नांदुरीपर्यंत खाली येताना टक्के वाढलेले बघितले की जे समाधान मिळतं ते पेट्रोलवाल्यांना कळणार नाही.

तिसरा_गिअर
आणि ठाण्याला जाताना टक्के कमी झालेले बघितले की जे होतं ते?

चार्जिंगवाला
हायवेला रेंज कमी होतेच, लपवत नाही. खऱ्या वापरात दोनशेच्या आतबाहेर. ठाणे एका दमात होतं, कसारा तर जाताना उतारच आहे. येताना घाट चढायचा, म्हणून तिकडे रात्री चार्ज करून निघायचं. माहेरी प्लग तर देतीलच.

शुभदा_म्हसरूळ
फ्लॅट आहे, पार्किंग कॉमन. सोसायटीत पाण्याच्या मोटारीच्या बिलावरून वर्षभर वाद चालू आहे, त्यात मी चार्जिंगचा विषय काढला तर मला चेअरमन करतील.

चार्जिंगवाला
मग माघार. कॉमन पार्किंग असेल तर मी स्वतःही घेतली नसती.

लोगनप्रेमी
डिझेलबद्दल कुणीच का बोलत नाही? माझी जुनी लोगन १.५ डिझेल शहरात १७-१८ द्यायची. आणि ती आपली गाडी! २००७ साली इथेच, महिंद्राच्या नाशिक प्लांटमधून बाहेर पडली. सातपूरला शिफ्ट सुटली की कामगारांच्या तोंडी तीच. पुढे २०१० मध्ये रेनॉशी भागीदारी संपली आणि तिची व्हेरिटो झाली. ५१० लिटरची डिकी होती हो. वॉकर काय, व्हीलचेअर, द्राक्षाचे क्रेट आणि वर सासूबाईंचं सामान.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
लोगन! चौकोनी खोकं म्हणून सगळे हसायचे आणि टॅक्सीवाले गुपचूप घेऊन जायचे. नाशिकची गाडी म्हणून हवीच असेल तर ताईंना बोलेरो सुचवा.

तिसरा_गिअर
बोलेरो द्वारकेला घातली की बाकीचे आपोआप वाट देतात. वेळ वाचला म्हणजे इंधन वाचलं.

मीटरवाचक
@लोगनप्रेमी, डिझेल आता या कामाला नको. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा कडक नियम आला, मारुतीने तर डिझेल बंदच केलं. नव्या डिझेलला धूर गाळणारी डीपीएफ जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग तापावी लागते. रोज निमाणी-द्वारका करणाऱ्या गाडीची जाळी चोंदते आणि दिवा लागतो. दिवा लागला की वर्कशॉप. आठ-नऊ लाखांत नवी डिझेल फारशी उरलीही नाहीये.

पाथर्डी_फाटा
हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली? ग्रँड व्हिटारा नि हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड कागदावर २७.९७ देते आणि गर्दीतच जास्त चांगली चालते, कारण हळू वेगात मोटर ओढते. बजेटच्या दुप्पट जाते हा एकच दोष.

अर्धा_कप
एकच दोष :)

गियरबॉक्स_मावशी
मी साठीची आहे आणि शहरात रोज स्वतः चालवते, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. शुभदा, एएमटीचा विचार कर. मुंबई नाका ते द्वारका हाफ क्लचवर रांगायचं म्हणजे डावा गुडघा रात्री बोलतो. पूर्वी ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल पिणारी, असं असायचं. एएमटीत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो, क्लच तेवढा मशीन दाबतं. वॅगनआरचं एएमटीचं कागदी ॲव्हरेज मॅन्युअलपेक्षा जास्त आहे, २५.१९. गिअर बदलताना हलका धक्का बसतो, ओव्हरटेक करताना जरा विचार करते. सवय होते.

कसारा_घाट
घाटात एएमटी कंटाळा आणते. गडाच्या वळणांवर मध्येच वरचा गिअर टाकते. मॅन्युअल मोडवर घ्यावी लागते.

गियरबॉक्स_मावशी
तिला गडावर वर्षातून किती वेळा जायचंय आणि निमाणीवर किती वेळा?

द्राक्षबाग
सेफ्टी कुणी बोलणार आहे का? वॅगनआरला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाचपैकी एक तारा मिळाला. टियागोला २०२० मध्ये चार, पंचला २०२१ मध्ये पाच, २०२४ च्या नव्या डिझायरलाही पाच. दोन किलोमीटर जास्त देणाऱ्या पातळ पत्र्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून आडगावचा हायवे ओलांडायचा?

अंबडकर
शहरात ४० च्या वर कोण जातं? आणि माझ्या गाडीला पातळ पत्रा म्हणू नका.

द्राक्षबाग
शहरात तुम्ही ४० ने जाता. समोरचा वाळूचा डंपर?

हिशेबनीस
या मुद्द्यालाही पैसे लावून बघू. पंच पेट्रोलचं कागदी ॲव्हरेज २० च्या आसपास, शहरात १३ धरू. किमीला आठ रुपये. वॅगनआरशी फरक दीड रुपया, ८०० किमीला महिना बाराशे. तेवढ्यात जास्त तारे, उंच सीट आणि ९० अंशात उघडणारी दारं. वॉकरवाल्या माणसाला दार किती उघडतं याची किंमत काय, ते ताईंनी ठरवावं.

रविवार_मिसळ
बाराशे म्हणजे चौघांची महिन्यातून दोनदा मिसळ. तीही शहराबाहेर मळ्यात बसून, पापड-दही-जिलबीसकट. तिथे जायचं पेट्रोल वेगळं.

अर्धा_कप
मिसळ खायला वीस किलोमीटर जाणाऱ्यांच्या गावात ॲव्हरेजची चर्चा चालू आहे, हेच मला कळत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
आणि रस्सा काळा की लाल, हा वाद अजून निघाला नाही म्हणजे धागा सज्जन आहे.

जुना_ड्रायव्हर
तीस वर्षं कंपनीची बस चालवली, आता मुलाची गाडी चालवतो. मुलगा त्याच गाडीचं १३ काढतो, मी १७. टायरमध्ये हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, पंधरा दिवसांनी, टायर गार असताना. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. पुढचा सिग्नल लाल दिसला की आधीच पाय काढायचा, तिथपर्यंत पळवत जाऊन ब्रेक मारण्यात काय मिळतं? मोठ्या सिग्नलला इंजिन बंद. छोटं इंजिन नुसतं उभं राहिलं तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर खातं, एसी असेल तर जास्त. डिकीतल्या वीस लिटर पाण्याच्या कॅनची काय गरज? आणि म्हसरूळहून निघताना दहा मिनिटं आधी निघालं तर निमाणीची गर्दी टळते. ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही.

तिसरा_गिअर
जुन्या ड्रायव्हर काकांना शोरूमबाहेर बसवा. गाडीसोबत एक दिवस मोफत.

पाथर्डी_फाटा
सिंहस्थाची कामं चालू आहेत तोवर सगळेच आकडे दोनने कमी धरा. आज जो रस्ता उघडा तो उद्या खोदलेला असतो. २०२७ मध्ये पर्वणीच्या काळात तर गाडी पार्किंगलाच राहील.

शुभदा_म्हसरूळ
सगळ्यांचे आभार. सगळं प्रिंट काढून नवऱ्याला वाचायला दिलं, तो फक्त मिसळीच्या प्रतिसादावर हसला.

शनिवारी बाबांना घेऊन दोन शोरूम केली. सेल्समन मला इंजिनाचं सांगत होता आणि मी बाबांचे पाय बघत होते. टियागोत सीट खाली, त्यांना बसता आलं पण उठायला हात द्यावा लागला. वॅगनआरमध्ये सरळ बसले, खूश झाले, छतही उंच. पंचमध्ये दार पूर्ण उघडलं, वॉकर अगदी सीटपाशी आला, उंबरा मात्र किंचित उंच वाटला त्यांना. सीएनजी बाद केली, रानमोगरांच्या मुद्द्यावर. आम्ही दोघंच असतो तर घेतली असती. ईव्ही सोसायटीने बाद केली.

आता वॅगनआर पेट्रोल एएमटी की पंच पेट्रोल एएमटी, एवढंच राहिलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्यामुळे पंचही बजेटच्या काठावर बसतेय. नवरा वॅगनआर म्हणतो, ॲव्हरेजसाठी. मी पंचकडे झुकलेय.

द्राक्षबाग
पंच.

अंबडकर
वॅगनआर. बाबा खूश झाले हे तुम्हीच लिहिलंय.

हिशेबनीस
महिना बाराशेचा फरक दोघांना झेपणारा असेल तर आता ॲव्हरेज बाजूला ठेवा. माझ्याकडून हे वाक्य सहसा येत नाही.

गियरबॉक्स_मावशी
दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह शोरूममागच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नकोस. संध्याकाळी सहाला मागून घे आणि पंचवटी कारंजा ते निमाणी रांगत ने. ब्रेक सोडल्यावर एएमटी किती हळू नि किती न झटकता पुढे सरकते ते बघ, बाबा मागे बसलेले असताना. त्यांची मान हलली तर ती गाडी नको. आणि ‘संध्याकाळी डेमो गाडी मिळत नाही’ म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा, नाशकात कमी नाहीत.